माइनक्राफ्टचा नकाशा गेमबाहेर काढताना : माइनवेज बसवण्यापासून थ्रीडी प्रिंटपर्यंत



मागच्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही मुलांकडून माइनक्राफ्टमध्ये मैदानं बांधून घेता, ते ठीक. पण ते सगळं गेमच्या बाहेर कसं काढता?" विचारणाऱ्यांत एक वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी होती, एक शिक्षक होते आणि एका मुलाचे बाबाही होते. मुलाने वर्षभर खपून बांधलेला किल्ला त्यांना प्रिंट करून कपाटावर ठेवायचा होता. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हटलं.

या लेखात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे माइनवेज नावाचं एक छोटं, मोफत सॉफ्टवेअर कसं बसवायचं आणि वापरायचं. दुसरी म्हणजे ते वापरताना माझ्या हातून झालेली एक चूक. चूक तांत्रिक वाटते, पण माझ्या संशोधनाच्या दृष्टीने ती बरीच महागात पडली असती. म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

हे संशोधन कशाबद्दल आहे?

शहरातलं एखादं मैदान किंवा बाग नव्याने आखायची असेल, तर आराखडा कागदावर काढला जातो. तो आराखडा वाचता येणं हे एक कौशल्य आहे आणि ते सगळ्यांकडे नसतं. मैदान सगळ्यात जास्त वापरणाऱ्या मुलांकडे तर नसतंच. माइनक्राफ्टमध्ये मात्र एक ठोकळा म्हणजे साधारण एक मीटर, एवढं कळलं की बारा वर्षांचं मूलही बांधायला लागतं. ही कल्पना माझी नाही. संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था आणि गेम बनवणारी मोजांग ही कंपनी यांनी २०१२ मध्ये 'ब्लॉक बाय ब्लॉक' नावाचा उपक्रम सुरू केला. नैरोबीच्या किबेरा वस्तीतलं मैदान हे त्यातल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुढे मुंबईतही त्यांचं काम झालं आहे.

उलट दिशेचे प्रयोगही झाले, म्हणजे खरा नकाशा गेममध्ये नेण्याचे. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेने २०१३ मध्ये ग्रेट ब्रिटनचा नकाशा सुमारे २२ अब्ज ठोकळ्यांत मांडला. डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने २०१४ मध्ये अख्खा देश एकास एक प्रमाणात गेममध्ये उतरवला. त्यावर काही खेळाडूंनी घरं उडवून दिली आणि अमेरिकेचे झेंडे लावले, तो किस्सा त्या वेळी बराच गाजला होता.

माझा प्रश्न या दोन्हींच्या मधला आहे. मुलांनी गेममध्ये जे बांधलं, ते नगरसेवकाच्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत त्यातलं काय टिकतं आणि काय गळतं? या वाटेवरचा पहिला टप्पा म्हणजे नकाशा गेमबाहेर काढणं, ज्याला आपण 'एक्सपोर्ट' म्हणतो. मला सुरुवातीला हा टप्पा निव्वळ बटण दाबण्याचा वाटला होता.

आधी हे समजून घ्या : गेमचं जग म्हणजे नेमकं काय?

तुम्ही बांधलेलं जग हे तुमच्या संगणकावरचं एक फोल्डर असतं. ते शोधायला गेममध्ये 'सिंगलप्लेअर' यादीत जा, आपलं जग निवडा आणि 'एडिट' दाबा. तिथे 'ओपन वर्ल्ड फोल्डर' असं बटण आहे. त्याच पडद्यावर 'मेक बॅकअप' हेही बटण आहे. ते आत्ताच दाबून ठेवा, कारण नंतर सांगतो.

फोल्डरमध्ये लेव्हल डॅट नावाची एक फाइल दिसेल आणि रीजन नावाच्या फोल्डरात एमसीए प्रकारच्या फाइली दिसतील. जमीन, झाडं, भिंती या सगळ्यांची नोंद या एमसीए फाइलींत असते. गेम जगाचे १६ × १६ ठोकळ्यांचे तुकडे पाडतो. त्यांना 'चंक' म्हणतात. असे ३२ × ३२ चंक मिळून एक रीजन होतं. म्हणजे एका फाइलमध्ये ५१२ × ५१२ ठोकळ्यांचा चौरस मावतो. उंची वेगळी. २०२१ मधल्या १.१८ आवृत्तीपासून जग उणे ६४ पासून ३१९ पर्यंत, म्हणजे एकूण ३८४ ठोकळे उंच आहे.

हे कशाला माहीत हवं? माझंच उदाहरण घ्या. आमचं मैदान ८० × ६० मीटरचं. गेममध्ये ते पूर्व-पश्चिम अक्षावर १०० ते १७९ आणि उत्तर-दक्षिण अक्षावर उणे ४० ते १९ असं बसवलेलं होतं. (१७९ वजा १०० म्हणजे ७९, पण दोन्ही टोकांचे ठोकळे धरायचे असतात, म्हणून ८०. इथे सगळेच एकदा तरी चुकतात.) आता उत्तर-दक्षिण अक्षावर शून्याची रेघ मैदानाच्या मधूनच जाते. रीजनची हद्दही तिथेच असते. म्हणजे आमचं मैदान दोन वेगवेगळ्या फाइलींत वाटलेलं होतं. कुणी 'एकच फाइल पाठवतो' म्हणालं असतं, तर मैदानाचा एक भाग आलाच नसता. म्हणून नियम साधा : कधीही सुटी फाइल नाही, अख्खं फोल्डर कॉपी करायचं.

आपण कुठे उभे आहोत हे गेममध्ये एफ-३ दाबलं की कळतं. तिथे एक्स म्हणजे पूर्वेकडे, झेड म्हणजे दक्षिणेकडे आणि वाय म्हणजे वर. बांधकामाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर उभं राहून हे आकडे वहीत लिहून घ्या. पुढे फार उपयोगी पडतात.

माइनवेज बसवणं

एरिक हेन्स हे संगणकीय चित्रण, म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्स या क्षेत्रातलं मोठं नाव. त्या विषयातलं 'रिअल-टाइम रेंडरिंग' हे पुस्तक वापरणाऱ्यांना ते माहीत असतील. माइनवेज त्यांनी लिहिलं आहे. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. गेमचा नकाशा वरून दाखवणाऱ्या मिन्युटर नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या पायावर ते उभं राहिलं.

बसवणं म्हणावं असं फार काही नाही :

१. माइनवेजच्या मूळ संकेतस्थळावरूनच झिप फाइल उतरवा. 'फ्री डाउनलोड' म्हणणाऱ्या इतर ठिकाणांच्या वाटेला जाऊ नका.

२. झिपवर डबल क्लिक करून आतूनच सॉफ्टवेअर चालवू नका. आधी झिप एखाद्या फोल्डरमध्ये पूर्ण उलगडा. सोबतच्या फाइली शेजारी नसतील तर सॉफ्टवेअर तक्रार करतं. मला आलेल्या 'चालत नाही' प्रकारच्या निरोपांपैकी बरेचसे याच कारणाने आलेले होते.

३. मग माइनवेजची एक्झी फाइल चालवा. विंडोज कधी कधी निळ्या चौकटीत इशारा देतं. फाइल मूळ ठिकाणाहूनच घेतली आहे याची खात्री असेल, तर 'मोअर इन्फो' आणि मग 'रन एनीवे' दाबा.

हे विंडोजचं सॉफ्टवेअर आहे. मॅक किंवा लिनक्सवर ते 'वाइन'च्या मदतीने चालवावं लागतं.

दोन अडचणी आधीच सांगून ठेवतो. माइनवेज फक्त जावा एडिशनची जगं वाचतं. मुलं मोबाइलवर, टॅबवर किंवा गेमिंग कन्सोलवर खेळतात ती बेडरॉक एडिशन असते. शाळांसाठीची एज्युकेशन आवृत्तीही त्याच घराण्यातली. तिथे जग साठवायची पद्धतच निराळी आहे. अशा वेळी चंकरसारख्या सॉफ्टवेअरने जग आधी जावा प्रकारात बदलून घ्यावं लागतं. आणि दुसरी अडचण : गेम अद्ययावत आणि माइनवेज जुनं असेल, तर नवे ठोकळे त्याला ओळखता येत नाहीत. त्यामुळे दोन्हींची आवृत्ती जुळते आहे ना, हे पाहा.

वापरायचं कसं?

गेममधून 'सेव्ह अँड क्विट' करून बाहेर या. ताजे बदल फाइलमध्ये उतरलेलेच नसतील तर माइनवेजला ते दिसणार कुठून?

आता माइनवेजमध्ये 'फाइल' मेन्यूतल्या 'ओपन वर्ल्ड'वर जा. तुमची जगं यादीत दिसतील. कॉपी केलेलं फोल्डर दुसरीकडे ठेवलं असेल, तर 'ओपन' वापरून त्यातली लेव्हल डॅट फाइल निवडा. पडद्यावर वरून पाहिलेला नकाशा उघडतो. डावं बटण दाबून नकाशा सरकवायचा, माउसच्या चाकाने लहान-मोठा करायचा.

मुख्य काम उजव्या बटणाचं. उजवं बटण दाबून ओढलं की हवा तो चौकोन निवडला जातो आणि तो भाग वेगळ्या रंगात दिसतो. वहीतले आकडे इथे कामी येतात. एक अंगठा इकडे-तिकडे झालं तर कुंपणाची एक बाजू बाहेर राहते आणि वरून बघताना ते लक्षातही येत नाही.

चौकोन झाला, पण निवड अजून अर्धीच आहे. आपल्याला ठोकळ्यांची पेटी हवी आहे, म्हणजे खालची आणि वरची पातळीही ठरवायची. खिडकीच्या वरच्या भागात त्यासाठी दोन सरकपट्ट्या आहेत, एक कमाल उंचीची आणि एक खालच्या खोलीची. निवडलेल्या भागात खालच्या पातळीच्याही खाली काही दिसत असेल, तर माइनवेज स्वतःच विचारतं की पातळी खाली नेऊ का. तो निरोप न वाचता बंद करू नका. आमच्या मैदानात मुलांनी पावसाचं पाणी जाण्यासाठी दोन ठोकळे खोल गटार खणलं होतं. पातळी जमिनीवरच ठेवली असती तर गटार गेलं असतं, आणि मुलांना पाण्याच्या निचऱ्याचं भान होतं याचा पुरावाही त्याच्यासोबत गेला असता.

यानंतर 'फाइल' मेन्यूत दोन वाटा फुटतात : 'एक्सपोर्ट फॉर रेंडरिंग' आणि 'एक्सपोर्ट फॉर थ्रीडी प्रिंटिंग'. दिसायला दोन्हींच्या खिडक्या सारख्याच. पण आधीपासून टिकमार्क केलेले पर्याय वेगवेगळे असतात. सगळी मेख तिथे आहे.

वाट पहिली : पडद्यावर बघण्यासाठी

ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र किंवा चलतचित्र करायचं असेल तर रेंडरिंगची वाट घ्या. फाइलचा प्रकार ओबीजे ठेवा. त्यातून एक ओबीजे फाइल निघते. तिच्यात आकार असतो. एक एमटीएल फाइल निघते, तिच्यात कुठल्या भागाला कुठलं साहित्य ते लिहिलेलं असतं. शिवाय पोताच्या प्रतिमा असतात. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये राहू द्या, नाहीतर ब्लेंडरमध्ये सगळं बिनरंगी दिसेल.

ब्लेंडरमध्ये आणल्यावर ठोकळे धुरकट दिसले तर घाबरू नका. माइनक्राफ्टच्या ठोकळ्याच्या एका बाजूचं चित्र साधारण १६ × १६ बिंदूंचंच असतं. ब्लेंडर ते गुळगुळीत करायला जातं. पोताच्या नोडमध्ये 'लिनिअर'ऐवजी 'क्लोजेस्ट' निवडलं की कडा पुन्हा तीक्ष्ण होतात.

निवड आवरती ठेवा. एक अख्खं रीजन निवडलं तर वरून दिसणारे चौकोनच २,६२,१४४ होतात. प्रत्येकाचे दोन त्रिकोण, म्हणजे सव्वापाच लाख आणि ही फक्त सपाट जमीन झाली. झाडं आणि इमारती आल्या की साधा लॅपटॉप मान टाकतो.

संशोधनासाठी वापरत असाल तर आणखी एक गोष्ट करा. ठोकळ्यांच्या प्रकारानुसार गट वेगळे करण्याचा पर्याय या खिडकीत आहे. तो निवडला नाही तर हाती येतो तो नुसता आकार. निवडला तर पानं वेगळी, पाणी वेगळं, वीट वेगळी राहते आणि 'मुलींच्या गटाने सावली कुठे दिली' असे प्रश्न नंतर विचारता येतात.

वाट दुसरी : हातात धरण्यासाठी

प्रिंटसाठी पहिला निर्णय प्रमाणाचा. एक ठोकळा किती मिलिमीटरचा हे तुम्ही सांगायचं. आम्ही २ मिलिमीटर धरलं. म्हणजे ८० × ६० मीटरचं मैदान १६० × १२० मिलिमीटरच्या तुकड्यात बसलं, प्रमाण १ : ५००. शाळेतल्या बाकावर ठेवून सहा मुलांना भोवती उभं राहता येईल, असा आकार.

पण गणित इथे संपत नाही. गेममधल्या लाकडी कुंपणाचा खांब ठोकळ्याच्या पाव रुंदीचा असतो. आमच्या प्रमाणात तो अर्धा मिलिमीटर झाला. साध्या प्रिंटरचं तोंडच बहुधा ०.४ मिलिमीटरचं असतं. असा खांब उभा राहिलाच तर पहिल्या स्पर्शात मोडतो. त्यामुळे अशा बारीक वस्तूंचं काय करायचं, याचे पर्याय प्रिंटच्या खिडकीत आहेत. तिथेच आतल्या पोकळ्या भरून टाकणं, फक्त कडेने चिकटलेले भाग जोडून घेणं, खालून पोकळ करून साहित्य वाचवणं अशाही सोयी आहेत. प्रत्यक्ष वस्तू नीट उभी राहावी, पैसे वाया जाऊ नयेत, म्हणून या सगळ्या गोष्टी केलेल्या आहेत. त्यांचा हेतू चांगलाच आहे.

आणि त्यांच्यातच एक पर्याय आहे : अधांतरी असलेले लहान तुकडे काढून टाकणं. १६ पेक्षा कमी ठोकळ्यांचा, कशालाच न चिकटलेला तुकडा असेल तर तो गाळायचा. प्रिंटच्या वाटेवर हा पर्याय आधीपासूनच टिकमार्क केलेला असतो. रेंडरिंगच्या वाटेवर नसतो.

आता ती चूक.

"माझे दिवे कुठे गेले?"

सातवीतल्या मुलांचे चार गट होते. चौघांच्या मैदानांचे प्रिंट काढून मी दोन आठवड्यांनी शाळेत घेऊन गेलो. मुलं खूश. कुणी घसरगुंडी शोधतंय, कुणी झाडं मोजतंय. एका गटातली एक मुलगी मात्र आपला तुकडा उलटासुलटा करून बघत होती. शेवटी म्हणाली, "सर, माझे दिवे कुठे गेले?"

मी म्हटलं, असतील की. नव्हते. तिने पायवाटेवर चौदा दिवे लावले होते. ग्लोस्टोनचा एक एक ठोकळा, जमिनीपासून पाच ठोकळे वर. माइनक्राफ्टमध्ये वाळू आणि खडीसारखे थोडे ठोकळे सोडले, तर हवेत ठेवलेला ठोकळा तिथेच राहतो, खाली पडत नाही. तिने त्याचाच वापर केला होता. माइनवेजच्या हिशोबात मात्र ते एक एक ठोकळ्याचे अधांतरी तुकडे होते. चौदाही गळाले. मी खिडकीतले पर्याय न वाचता 'ओके' दाबलं होतं.

सॉफ्टवेअरचा यात काही दोष नाही, हे आधी सांगतो. हवेत लटकणारा ठोकळा प्रिंट करताच येत नाही. त्याला खालून आधार लागतो. तुकडा गाळणं हेच त्या वाटेवरचं शहाणपण आहे. दोष माझा, कारण काय गाळलं जाणार हे मला माहीत असायला हवं होतं आणि मी ते तिला आधी सांगायला हवं होतं.

मी तिला सोपा उपाय सुचवला. "आपण दिव्यांखाली खांब लावू या, मग येतील प्रिंटमध्ये."

ती लगेच म्हणाली, "खांब नको. संध्याकाळी तिथेच क्रिकेट असतं. खांबाला बॉल लागतो, कधी माणूसही लागतो. म्हणून तर वर लावले."

मी गप्पच झालो. मला वाटलं होतं की खांब काढायचा कंटाळा केला असेल. खरं तर दिवे अधांतरी असणं हाच तिचा आराखडा होता. मैदान अंधार पडल्यावरही वापरायचं आहे आणि खेळायची जागा मोकळी हवी आहे, या दोन मागण्या त्या चौदा ठोकळ्यांत होत्या. त्या प्रिंटवरून मी माझं विश्लेषण लिहिलं असतं, तर 'या गटाने प्रकाशाचा विचार केलेला दिसत नाही' असं वाक्य माझ्या प्रबंधात गेलं असतं. तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

मग आता मी काय करतो?

या प्रसंगानंतर मी कामाची पद्धत बदलली. तुम्ही किल्ला प्रिंट करणार असाल किंवा आराखडा, ती दोघांनाही चालेल.

*एक.* एक्सपोर्टच्या दिवशीच जगाचा बॅकअप घेऊन त्याला तारीख देतो. माइनवेज मूळ जगाला हात लावत नाही, ते फक्त वाचतं. पण मुलं थांबत नाहीत, ती पुढे बांधतच असतात. महिनाभराने 'तेव्हा इथे काय होतं' हे कळायला तेव्हाचीच प्रत लागते.

*दोन.* प्रिंट करायचा असला तरी पहिला एक्सपोर्ट नेहमी रेंडरिंगच्या वाटेने काढतो. मग प्रिंटच्या वाटेने दुसरा. दोन्ही ब्लेंडरमध्ये शेजारी ठेवून बघतो. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, अशा प्रत्येक गोष्टीची यादी करतो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

*तीन.* दोन्हींतही जे येत नाही त्याचे गेममध्येच फोटो काढून ठेवतो. पाटी येते, पण पाटीवर लिहिलेला मजकूर येत नाही. भिंतीवरची चित्रं, चौकटीत ठेवलेल्या वस्तू, प्राणी आणि माणसं येत नाहीत, कारण गेमच्या दृष्टीने ते ठोकळे नाहीतच. एका गटाने प्रवेशद्वारापाशी 'इथे गाडी लावू नये' अशी पाटी लावली होती. एक्सपोर्टमध्ये ती कोरी फळी झाली.

*चार.* ओबीजे फाइल साध्या मजकुराच्या संपादकात उघडून बघतो. तिच्या सुरुवातीच्या ओळींत माइनवेज स्वतःच नोंद ठेवतं : कुठलं जग, निवडीचे कोपरे, कोणते पर्याय चालू, कोणते बंद. 'इम्पोर्ट सेटिंग्ज' वापरून हीच फाइल दाखवली की माइनवेज तीच निवड पुन्हा बसवतं. म्हणजे दुसऱ्या कुणालाही माझं काम तंतोतंत पुन्हा करून तपासता येतं. संशोधनात याला फार किंमत आहे. दिवे कसे गेले हेही मला याच ओळी वाचून कळलं. नोंद पहिल्या दिवसापासून तिथे होती, मी उघडून पाहिली नव्हती.

*पाच.* आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्रिंटला पाठवण्याआधी मॉडेल पडद्यावर बांधणाऱ्यालाच दाखवतो आणि एकच प्रश्न विचारतो : "यात काय नाहीये?" 'बरोबर आहे का' असं विचारलं तर मुलं 'हो सर' म्हणतात. 'काय नाहीये' विचारलं की शोधायला लागतात.

दिव्यांचं पुढे काय झालं?

दुसऱ्या प्रिंटमध्ये आम्ही खांब लावले नाहीत. मैदानाच्या दोन बाजूंच्या भिंतींवर, तिच्याच सांगण्यावरून, गेममध्ये एक एक उंच ठोकळा चढवला. प्रिंट आल्यावर तिथून तिथे बारीक तार ताणली आणि तारेला चौदा पिवळे मणी ओवले. त्यातले दोन मणी वाटेत पडले, ते तिने स्वतः पुन्हा बसवले. ही तार कुठल्याही ओबीजे फाइलमध्ये नाही. माझ्या नोंदवहीत मात्र तिचं वर्णन आहे आणि शेजारी कारणही लिहिलेलं आहे : क्रिकेट.

प्रबंधाच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक एक्सपोर्ट हा एक अर्थ लावणं असतो. साध्या भाषेत सांगायचं तर खिडकीतली प्रत्येक टिकमार्कची चौकट म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी आधीच घेतलेला निर्णय असतो. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण आपण दुसऱ्याचं काम पुढे नेत असू, तर 'ओके' दाबण्याआधी ते निर्णय वाचणं आपल्यावर आहे.

माइनवेज बसवताना कुठे अडलात तर जरूर विचारा. विचारताना गेमची आवृत्ती, माइनवेजची आवृत्ती आणि जावा की बेडरॉक एवढं सांगा, म्हणजे निम्मं उत्तर तिथेच सापडेल. आणि तो कपाटावरचा किल्ला प्रिंट करणार असलेल्या बाबांना एक विनंती : प्रिंटला टाकण्याआधी मुलाला शेजारी बसवा. बुरुजावरचा भगवा झेंडा अधांतरी आहे का, ते त्यालाच माहीत असेल.